चढला का उतरला, तुम्ही सांगा

आदरणीय काका,
सा. न.

मोबाइल तुम्ही फक्त बोलायला वापरता, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, तुम्ही दुरुस्त केलीत, त्याबद्दल समोर आले की तुम्ही बोलूच देत नाही. "ते राहू द्या, पेटी कशी वाजून राहिली ते सांगा," म्हणून विषय संपवता. म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहिते.

ह्यांना जाऊन अडीच वर्षं झाली. पेटी त्या दिवसापासून आतल्या खोलीत, कूलरच्या बाजूला पडून होती. दोन उन्हाळे. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर आणि कूलरच्या ताट्यांतून येणारी ओली हवा थेट पेटीवर. पावसाळ्यात लाकूड फुगलं, हिवाळ्यात आक्रसलं. मला दिसत होतं. उचलून पलीकडे ठेवणं दोन मिनिटांचं काम. नाही केलं.

सांत्वनाला लोक कमी नव्हते. मन रमवा, कुठेतरी फिरून या, योगाचा क्लास लावा. एकीने तर रंग भरायचं पुस्तक आणून दिलं, वर स्केचपेनचा डबा. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आमच्या मंडळावर. तिथल्या कोजागिरीची गाणी वीस वर्षं आम्ही दोघांनी केली. शब्द ह्यांचे, चाल माझी. पत्रिकेवर मात्र नाव एकच छापलं जायचं, ह्यांचं. हे दोनदा म्हणाले होते, बदलून घेऊ म्हणून. मीच म्हटलं, असू द्या हो. आणि तेराव्याच्या पंगतीत मंडळाचा एक जुना माणूस मलाच विचारतो, "वहिनी, आता चाली कोण लावणार?" मी त्याच्या पानात बुंदी वाढत होते. वाढून पुढे गेले.

तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगते. 'थ्री कलर्स: ब्लू', १९९३चा. भाषा फ्रेंच, पण दिग्दर्शक किश्लोव्हस्की पोलंडचा. माझा फार आवडता. ह्यांना अर्ध्यात झोप लागायची. त्यातल्या ज्युलीचा नवरा आणि लहान मुलगी गाडीच्या अपघातात जातात. नवरा मोठा संगीतकार, त्याची एक रचना अर्धी राहिलेली. ज्युली ती हस्तलिखित पानं नक्कल करणाऱ्या बाईकडून घेते आणि सरळ कचऱ्याच्या गाडीत टाकते. घर विकायला काढते, पॅरिसमध्ये एकटी राहायला जाते. सोबत फक्त निळ्या काचमण्यांचं एक झुंबर. पण संगीत काही पाठ सोडत नाही. कोणी बोलता बोलता पडदा एकदम काळा होतो, वाद्यांचा लोंढा अंगावर येतो, आणि उजेड आला की तीच खोली, तोच माणूस, मधला एक क्षणही सरकलेला नाही. हे मला बर्डीच्या बाजारात झालंय. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात, भाजीवाली "ताई, पैसे" म्हणून राहिली, आणि माझ्या डोक्यात यमनचा एक तुकडा. किती वेळ उभी होते देव जाणे.

पेटी मी तुमच्याकडे आणली ती दुरुस्त करायला नाही, विकायला काढायची म्हणून. आधी एका मोठ्या दुकानात नेली होती. तिथल्या पोराने झाकणही पुरतं उघडलं नाही. "आंटी, यात काही उरलं नाही, भंगारात द्या. इलेक्ट्रॉनिक घेऊन टाका, हप्त्यावर देतो." मग कोणीतरी महाल भागातला तुमचा दुरुस्तीचा माळा सांगितला.

तुम्ही पेटी उघडली, वास घेतला, आणि पहिला प्रश्न, "कूलरजवळ ठेवत होते का जी?" मी रडायला लागले. तुम्ही पाणी दिलं नाही, रडू नका म्हटलं नाही. पट्ट्या काढून ओळीने कागदावर मांडत राहिलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "रेडिओवाल्यांनी १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आत घेतलं नाही. मेली का पेटी? तुमचे तर अडीचच वर्षं होऊन राहिले." अडीच वर्षांत कोणाचं बोलणं ऐकून मी हसले, ते तेव्हा.

चामडं बदललं, भाता धरला, ते सगळं तुमचं तुम्हाला ठाऊक. मला सांगायचंय ते शेवटच्या दिवसाचं. तुम्ही एकेक पितळी सूर, म्हणजे आतली आवाज देणारी पाती, काढून कानशीचा हात मारत होतात, फुंकर घालत होतात, परत बसवत होतात. टोकाकडे घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, हे मी तेव्हा पाहिलं. एवढ्या वर्षांत पेटी वाजवली, आत डोकावले नव्हते. मग तुम्ही कानस खाली ठेवली. "बाई, माझे कान आता जुने झाले. वरचे सूर दगा देऊन राहिले. चढला का उतरला, तुम्ही सांगा."

आणि भाता माझ्याकडे सरकवलात.

मी म्हटलं, मला नाही जमणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पट्टी दाबून बसून राहिलात. सूर वाजत होता, आणि तो चढा होता. अगदी थोडा. "चढलाय," माझ्या तोंडून गेलं. तुम्ही काढला, घासला, बसवला. "आता?" अजून केसभर. "आता?" आता बरोबर. असं तासभर चाललं.

ब्लूमध्ये हेच आहे. पानांची नक्कल करणारी ती बाई शहाणी, तिने एक प्रत ठेवून घेतलेली असते. ती नवऱ्याच्या सहकाऱ्याकडे, ऑलिव्हिएकडे पोचते, तो रचना पुरी करायला बसतो. ज्युली पानं बघायला म्हणून जाते आणि बोट ठेवून सांगायला लागते. तालवाद्यं काढ, ट्रम्पेट काढ, पियानोऐवजी बासरी घे. कॅमेरा अंधुक होत जातो, ऐकू येतं फक्त संगीत, तिच्या एकेका शब्दासरशी हलकं होत जाणारं. कोणी तिला धीर दिलेला नसतो. समोर काम असतं आणि तिला चूक ऐकू येते, बस. या दिग्दर्शकाने साखरेचा खडा कॉफीत पाचेक सेकंदांतच भिजावा म्हणून सहायकाकडून वेगवेगळे खडे तपासून घेतले होते. तुमचं त्याच्याशी चांगलं जमलं असतं.

मग गंधाराशी आलो आणि मी अडले. माझा सा काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, तेव्हा ग, म्हणजे गंधार, पांढरी एक. सप्तकाची बारा सारखी घरं पाडणाऱ्या ट्यूनिंगमध्ये तो खऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढाच असतो, सेंट म्हणजे अशा एका घराचा शंभरावा भाग. मंडळात कोणीही कुठल्याही पट्टीत गायचं, म्हणून आम्ही तसाच चालवून घेतला. वीस वर्षं तो मला टोचत होता. मी म्हटलं, काका, हा उतरवा. तुम्ही कानस हातात धरून विचारलंत, "उतरवतो. पण मग ही पेटी तुमच्याच पट्टीत गोड वाजेल. दुसऱ्याच्या कामाची राहणार नाही. विकायची म्हणत होते ना?"

"उतरवा," मी म्हटलं.

तुम्ही मान डोलावलीत आणि साऱ्या पांढऱ्या एकचे सूर बाहेर काढलेत, खर्जाचे, म्हणजे जाड आवाजाचे, आणि नराचे, म्हणजे त्याच्या वरच्या आवाजाचेही.

पैसे देऊन जिना उतरत होते तेव्हा माळ्यावर दुसरी पेटी वाजायला लागली. कोणी पोरगा असावा. आणि तुमचा आवाज आला, "वरचा धैवत चढला बे तुझा, केसभर. इकडे आण." चार पायऱ्या खाली मी थांबले. तुमच्या कानांना काही झालेलं नाही, काका. खोटं बोललात माझ्याशी. परत वर येऊन पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं, पण मग तुम्हाला कळलं असतं की मला कळलं.

आता कळू द्या. जगात भली माणसं उरली नाहीत असं आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर रोज ठरतं. मी आता त्या चर्चेत बसत नाही.

ब्लूच्या शेवटी ऑलिव्हिए ज्युलीने पुरी केलेली पानं घ्यायला नकार देतो. त्याचं म्हणणं सरळ असतं, हे संगीत माझं असू शकतं, जरा जड, ओबडधोबड. नाहीतर तुझं, पण मग ते तुझं आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे. हे वाक्य मी दहा वेळा पाहिलं असेल, माझ्याबद्दल असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

ह्यांच्या वहीत शेवटच्या पानावर एक गाणं आहे, पावसाचं. मुखड्याची चाल लागली आहे. यमनमध्ये, आणि त्या गंधारावर मी मुद्दाम थांबते. अंतरा अजून हटून बसलाय. पानाच्या वर, ह्यांच्या नावाखाली, पेनने माझं नाव लिहून ठेवलंय. मंडळाला यंदा चाल पाहिजे असेल तर ते आधी तसं छापतील.

आणि हो, भात्याच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक हवा जातेय. शनिवारी घेऊन येते. जिन्यावर तुमच्या नातवाला पाठवा, माझ्याने एकटीने चढवत नाही.

तुमची,
काळी चारवाली