आण्णांचं पार्लर

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की मोबाइलवर 'मुस्तफा' हा व्हिडिओ गेम घेतला आणि एका संध्याकाळीच संपवला. लाइफ गेली की स्क्रीनवरचं कॉइनचं बटण दाबायचं, परत सुरू. वर हसत विचारलंस, "आई, आण्णा आजोबांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं ना, तुला तरी कधी संपवता आला का?" तुझी मेस बंद व्हायची वेळ झाली म्हणून ते बोलणं तिथंच राहिलं. उत्तर लांबलचक आहे, म्हणून पत्रच लिहिते.

संपवला की. आणि तू संपवलास तसाच, फुकटात. मशीनला पुढच्या बाजूला नाणी टाकायचं दार असतं. ते किल्लीने उघडलं की आत कॉइन बॉक्सच्या वर एक बारीक बटण असायचं, मेकॅनिकला गेम तपासता यावा म्हणून ठेवलेलं. ते दाबलं की नाणं न टाकता क्रेडिट, म्हणजे एक डाव चढायचा. सकाळी शटर अर्धं वर करून आण्णा झाडलोट करायचे आणि मी शाळेची वेळ होईपर्यंत ते बटण दाबत बसायचे. अगदी शेवटी गेममधला तो खलनायक डॉक्टर राक्षस होऊन येतो तिथपर्यंत गेलेय मी. पण बघायला कुणी नसायचं आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण पोरांना ते बटण कळलं असतं तर पार्लर बुडालं असतं.

तू आण्णांना पाहिलंस ते रिटायर झाल्यावर. पेपर, चहा, संध्याकाळी नदीवेसकडे चक्कर. त्यामुळं तुला वाटतं, त्यांनी हौस म्हणून दुकान काढलं असेल. तसं काही नव्हतं. आण्णा यंत्रमागावर जॉबर होते. इचलकरंजीत जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टरच. आडवं सूत नेणारा धोटा अडकला, माग ठोके चुकवायला लागला की कारखानदार त्यांना बोलवायचे. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, तेव्हापासून इथं यंत्र बिघडलं की नवीन आणायच्या आधी ते उघडून बघायची सवय. पुढे आण्णांनी कर्ज काढून चार माग खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायला, चालवले. मजुरी आणि खर्चाचा मेळ बसेना, माग विकले. हातात थोडे पैसे उरले आणि एका ओळखीच्याने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नेऊन त्यांना व्हिडिओ गेमचे बोर्ड दाखवले. उघड्या पाटीवर चिपा बसवलेल्या, एका कडेला सोनेरी दात. आण्णा म्हणायचे, "बघितलं आणि वाटलं, हे आपल्याला जमतंय."

त्यांना काय जमण्यासारखं वाटलं, ते तुला इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला लगेच कळेल. जपानी कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात सगळ्या बोर्डांसाठी एकच कनेक्टर ठरवून टाकला होता, छप्पन्न टोकांचा. खोकं एकदा बनवलं की जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा, त्याच खोक्यात दुसरा गेम. मग खोकं मुंबईहून कशाला आणायचं? आमच्या गल्लीतल्या सुताराने प्लायवूडची खोकी ठोकली, वर लाल सनमायका चढवला, आत जुन्या रंगीत टीव्हीच्या नळ्या बसवल्या. अशी तीन मशिनं, पुढे पाच झाली. स्ट्रीट फायटर आणला तेव्हा घोळ झाला. त्याला सहा बटणं लागतात, तीन बुक्क्यांची, तीन लाथांची, आणि आमच्या फळीवर तीनच. आण्णांनी ड्रिल घेऊन फळीला भोकं पाडली, वेगळी वायर ओढून लाथांची बटणं बसवली. भोकं जरा तिरकी पडली. त्यामुळं आमच्याकडे खेळून तयार झालेली पोरं कोल्हापूरला गेली की तिथल्या सरळ बटणांवर हरायची, असं ती पोरंच सांगायची. मला तो बहाणा वाटतो.

जॉयस्टिकचं तर विचारूच नकोस. दांड्याच्या बुडाला चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात आणि दांडा मधोमध परत आणायला एक स्प्रिंग. मागावरच्या पोरांचे हात म्हणजे स्प्रिंगचा महिन्यात खुळखुळा. आण्णा मागाच्या सामानातली स्प्रिंग कापून बसवायचे. ती इतकी कडक की लहान पोरांना दोन्ही हातांनी दांडा ओढावा लागायचा.

आता तुझा मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ सालचा, जपानच्या कॅपकॉम कंपनीने एका अमेरिकन कॉमिकवरून बनवलेला. ते नाव आमच्या गावात एकाही पोराच्या तोंडून मी ऐकलं नाही. चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, म्हणून सगळ्यांना तोच हवा, आणि गेमही त्याच्याच नावाचा. दोघं खेळायला उभे राहिले की पहिलं भांडण तिथंच. हरलेल्याच्या वाट्याला जॅक. हॅना बाई म्हणून कुणी घ्यायचं नाही. मी सकाळी मुद्दाम तिलाच घ्यायचे.

शाळेतून आले की मी गल्ल्यामागं स्टुलावर, सुट्टे द्यायला. मुलगी म्हणून मला मशीनपाशी उभं राहायची परवानगी नव्हती, तशी कुणी स्पष्ट दिली नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. पण गल्ल्यावरून सगळं दिसायचं. खेळायला दोघं, बघायला पंधरा. बघणाऱ्यांचा आवाज जास्त. "मागनं आला, मागनं आला!" "अरं बंदूक उचल की!" आणि मधेच आण्णा, "मागं सरा रं, काचेवर वाफ धरतीया." हे सगळं रुपयात चालायचं, आणि बऱ्याच पोरांकडे तो रुपयाही नसायचा. ती नुसती बघायला यायची, रोज. इतर पार्लरवाले अशांना हाकलायचे. आण्णांचं म्हणणं, बघणारा आज बघतो, पगार झाला की खेळतो.

एक पोरगा होता, सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला. तो एका रुपयात अख्खा मुस्तफा पाडायचा. धंद्याच्या हिशेबाने असा गिऱ्हाईक म्हणजे तोटाच, पाऊण तास मशीन अडकलं आणि मिळाला एक रुपया. पण तो आला की बातमी चौकापर्यंत जायची, दुकान भरायचं, बाकीची चार मशिनं गरम व्हायची. आण्णा त्याला चहा सांगायचे. मुस्तफात दोन सुरे घेऊन येणारा तो कसाई आठवतो ना तुला, त्याच्यासमोर एकदा वीज गेली. आण्णांचा नियम होता, वीज गेली तर रुपया परत. त्यांनी रुपया पुढं केला, तर पोरगं म्हणालं, "मालक, रुपया र्‍हाऊ दे, माझा कसाई परत द्या." पुढे कितीतरी दिवस घरात काही हरवलं की आम्ही एकमेकांना हेच म्हणायचो.

रात्रीचं काम मला सगळ्यात आवडायचं. शटर खाली ओढून आण्णा कॉइन बॉक्स काढायचे आणि जमिनीवर पसरलेल्या पेपरवर उपडा करायचे. नाण्यांना लोखंडाचा, तेलाचा, गुटख्याचा मिळून एक वास असायचा. तो साबणाने हात धुतला तरी बोटांना राहायचा. १९९२ च्या आधीचे रुपये जरा मोठे आणि जड, त्यानंतरचे स्टीलचे हलके. दोन्ही वेगळे करून दहा-दहाच्या चळती लावायच्या आणि कागदात गुंडाळायच्या. सुट्ट्यांची तेव्हा इतकी टंचाई की सकाळी बेकरीवाला त्या चळतींसाठी दारात उभा असायचा. चळती लावताना रोज थोडे वायसर, म्हणजे नटबोल्टच्या लोखंडी चकत्या, निघायचे. मागाच्या सामानात रुपयाएवढे वायसर मिळतात, पोरं ते घासून टाकायची. नाणं आत घसरत जाऊन एका तारेच्या स्विचला धक्का देतं, एवढंच मशीनला कळतं. रुपया आहे की वायसर हे त्याला काय ठाऊक! दुसरा प्रकार सुताचा. नाण्याला धागा चिकटवून आत सोडायचं, स्विच दाबला गेला की वर ओढायचं. सुताच्या गावात चांगला पिळाचा धागा काय कमी! आण्णांनी शेवटी वाटेत ब्लेडचा तुकडा बसवला. धागा कापला जायचा आणि नाणं आमचं. वायसर ते डब्यात साठवायचे आणि ओळखीच्या फिटरला विकायचे. त्यांच्या मते तीही कमाईच.

गावात मात्र या धंद्याला इज्जत नव्हती. पोरं बिघडवणारा माणूस, असं तोंडावर बोललेलं मी ऐकलंय. माझ्याच शाळेतले एक सर पोरं शोधत आत यायचे आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवायचे. पाच वाजायच्या आत शाळेच्या गणवेशात आत यायचं नाही, असा आण्णांचा नियम होता. पोरं शर्ट काढून बनियनवर यायची. मग आण्णा विचारायचे, "का रं, शाळंला सुट्टी व्हय? दप्तर हितं ठेव आणि आधी शर्ट घाल." तुझ्या बाबांकडे स्थळ सांगताना मामांनी 'मुलीच्या वडिलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय' असं सांगितलं होतं. तसं खोटं काहीच नव्हतं त्यात.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. १९९७-९८ च्या सुमाराला एक माणूस आला, सफारी घातलेला. पत्त्यांचं मशीन ठेवा म्हणाला. स्क्रीनवर पत्ते येतात, पॉइंट लागतात, गल्ल्यावर पॉइंटचे पैसे द्यायचे. मशीन त्याचं, जागा आमची, निम्मी कमाई. एका आठवड्यात महिन्याचं सुटेल, आणि 'वरचं' सगळं तो बघेल. तेव्हा घराच्या पत्र्यांची कामं अडली होती, आजीला वाटत होतं ठेवावं. दोन दिवस घरात त्यावरून वाद. आण्णा शेवटी नाही म्हणाले. आजीला त्यांनी सांगितलं की पोलिसांचा ससेमिरा नको. मला सांगितलं ते वेगळं: "मागावरची पोरं पगार घेऊन सरळ हितं येतील आणि मोकळ्या हातानं घरी जातील. त्यांच्या आया मला वळखत्यात." दोन्ही कारणं खरी असणार. पत्रे पुढच्या वर्षी बदलले. तोवर पावसाळ्यात आम्ही घरात बादल्या मांडल्या, आणि आजीने प्रत्येक बादलीगणिक आठवण करून दिली.

पार्लर बंद कधी पडलं ते नेमकं सांगता येत नाही, कारण ते हळूहळूच पडलं. आधी घरोघरी टीव्हीला लावायचे कॅसेटचे गेम आले, शंभर गेम एका कॅसेटमध्ये म्हणून विकले जाणारे. मग सायबर कॅफे. तुझ्या फोनवर जुना गेम चालवणारा तो एम्युलेटर ज्या 'मेम' नावाच्या सॉफ्टवेअरवरून आला, ते १९९७ सालचं. म्हणजे आमच्याकडे रांगा लागत होत्या तेव्हाच इटलीत बसून कुणीतरी आमचं दुकान कॉम्प्युटरमध्ये भरत होतं. वर भारनियमन. माग बंद पडले की पोरं पार्लरकडे यायची आणि इथंही अंधार. आण्णांनी खोकी प्लायवूडच्या भावात विकली. त्या जागेत आता झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज आहे.

बोर्ड मात्र विकले नाहीत. माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, पेपरात गुंडाळलेले. तुझ्यासाठी खरं काम इथं आहे. मुस्तफाच्या अस्सल बोर्डात एक बॅटरी असते. ती उतरली की आतली गेम उलगडायची किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, पुसली जाते आणि बोर्ड मेला. आण्णांचा बोर्ड कॉपीचा होता, त्यात ती भानगडच नाही. म्हणजे अस्सल बोर्ड केव्हाच गेले असतील, पण हा कदाचित अजून चालेल. आवाज फाटका येईल, कॉपीच्या बोर्डांचा तसाच यायचा. तुझ्या फोनवरच्याशी ताडून बघ. दिवाळीला येताना पाच आणि बारा व्होल्टचा सप्लाय घेऊन ये, आणि तुमच्या लॅबमध्ये कुणाकडे जुना मॉनिटर असेल तर विचारून ठेव. कनेक्टरची वायरिंग आण्णांच्या वहीत आहे, मराठीत, त्यांच्या खुणांनी. ती त्यांनाच विचारावी लागेल.

त्यांना फोन चार वाजल्यानंतर कर, तोवर झोपलेले असतात. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं बोल. आणि ते सकाळचं बटण त्यांना माहीत होतं की नाही, तेवढं मात्र विचारू नकोस.

तुझी,
आई