विषाची वाट बघू नका

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "तू सापाच्या ज्या विषावर काम करतेस त्याचंच कॅन्सरवर औषध निघतंय म्हणे. मग आईची पुढची केमो थोडी थांबवायची का?" मी "नाही" म्हणून फोन ठेवला. नुसत्या "नाही"नं तुमचं समाधान व्हायचं नाही, म्हणून हे पत्र. आई, तूही वाच. बाबा तुला त्यांच्या सोयीचं तेवढंच सांगतील.

बातमी अगदीच खोटी नाही. १९३३ साली आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गाठींवर नागाच्या विषाचा परिणाम नोंदवला होता, तेव्हापासून हे चालू आहे. आमच्या प्रयोगशाळेत विष येतं ते सुकवलेलं, वाळलेल्या डिंकाच्या कणांसारखं पिवळं. तो पिवळेपणा एका एन्झाइमचा. हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, जखम धुताना फेसाळतं ना, तेच. त्यानं पेशी मरतात.

पहिल्या वर्षी मी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत पेशी वाढवून त्यावर विष घातलं. पेशी जिवंत असतील तिथे शेवटी जांभळा रंग येतो. दुसऱ्या दिवशी बघते तर कॅन्सरच्या पेशींच्या सगळ्या ओळी फिक्या! मी उड्या मारायचीच बाकी होते. मग खालच्या ओळींकडे लक्ष गेलं. तिथे निरोगी पेशी होत्या. त्याही फिक्या. सर एवढंच म्हणाले, "ॲसिड घातलं असतंस तरी हेच दिसलं असतं."

बाबा, सगळी गोम इथेच आहे. विषानं कॅन्सरची पेशी मरते, यात नवल काहीच नाही. शेजारची चांगली पेशी वाचली पाहिजे, आणि त्यासाठी विषाच्या शेकडो घटकांतून नेमका एक वेचून काढावा लागतो.

असा एक घटक मला फार आवडतो. काही सापांच्या दंशानंतर रक्त नीट गोठत नाही, याचं एक कारण म्हणजे विषातली छोटी प्रथिनं रक्तातल्या बिंबिकांची (प्लेटलेट्सची) एकमेकींना धरायची पकडच सोडवतात. आपल्या फुरशाच्या विषातल्या अशाच प्रथिनाचा नमुना समोर ठेवून टायरोफिबान हे हृदयविकारात वापरलं जाणारं औषध बनलं. आता गंमत अशी की कॅन्सरची पेशी दुसऱ्या अवयवात जाऊन रुजते तीही तशाच पकडीच्या जोरावर. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापाच्या विषातून फ्रान्सिस मार्कलँड यांच्या गटानं कॉन्टॉर्ट्रोस्टॅटिन वेगळं काढलं. ते चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरून शिरेतून दिलं, तेव्हा उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरची वाढ मंदावली. हा निबंध २००४ चा. आणि आजही ते औषध म्हणून कुठल्या दवाखान्यात मिळत नाही. त्याच पकडीवर घाव घालणारं सिलेंजिटाइड नावाचं कृत्रिम औषध मेंदूच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत नापास झालं. उंदीर बरा होणं आणि माणूस बरा होणं यांत असं अंतर पडतं.

माणसांवर विष वापरूनच पाहिलं नाही असंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या विषातलं क्रोटॉक्सिन कॅन्सर खूप पुढे गेलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं, त्याचा अहवाल २००२ मध्ये आला. काहींना काही काळ एकाचे दोन दिसत होते. पण ती चाचणी माणसाला किती मात्रा सोसते एवढंच बघण्यासाठी होती.

विषातून औषध निघतंच नाही, असं मात्र म्हणू नका. तुमची रोज सकाळची रक्तदाबाची गोळी, रॅमिप्रिल, बघा. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात सर्जिओ फरेरा यांना रक्तदाबाशी संबंधित एक घटक सापडला, त्यावरून कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तुमची गोळी त्याचंच धाकटं भावंड. गोळीत विषाचा कणही नाही, विषाकडून शिकलेली युक्ती तेवढी आहे.

आणि आई, तुझ्या सलाईनमधून जाणारं पॅक्लिटॅक्सेल कुठून आलं माहीत आहे? यू नावाच्या विषारी झाडाच्या सालीतून. १९६२ मध्ये साल गोळा केली, १९९२ मध्ये औषधाला पहिली मान्यता मिळाली. तीस वर्षं! म्हणजे एक विष सगळ्या परीक्षा देऊन तुझ्यासाठी तयार आहे, आणि बाबा तुला अजून शाळेत असलेल्या विषासाठी थांबवताहेत.

केस गेले, चव गेली, तू कंटाळली आहेस, हे मला फोनवर तुझ्या "बरी आहे" वरूनच कळतं. गाठ लहान होतेय असं डॉक्टर म्हणाले, ते मी तुला रोज ऐकवणार आहे.

राहता राहिली ती कुणीतरी आणून दिलेली "सर्पविषाच्या थेंबांची" बाटली. बाबा, त्यात खरंच विष असेल तर पोटात ते बहुतेक अन्नातल्या प्रथिनांसारखंच पचून जाईल. पण केमोमुळे आईच्या तोंडात फोड आलेत, तिथून ते थेट रक्तात जाऊ शकतं. आणि विष नसेल तर काय आहे, कोण सांगणार? एकही थेंब देऊ नका. आधीच दिला असेल तर रागावणार नाही, पण तिच्या डॉक्टरांना आजच सांगा.

पुढच्या केमोच्या आदल्या रात्री मी पोचते आहे. दार उघडायला आईनं उठायचं नाही, माझ्याकडे किल्ली आहे.

तुमची,
छकुली