नंदे, आधी आठ पत्ते काढून ठेव

प्रिय नंदे,

फोटो पोचला. तब्येतीचं आधी उरकते: बीपी गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच, आईला ऐकू येतं पण सोयीचं तेवढंच. झालं.

आता फोटो. सहा आठवड्यांनी तुमच्या जर्मनीतल्या मंडळाच्या आनंदमेळ्यात तू भविष्य सांगायचे लेनोर्मांचे पत्ते घेऊन बसणार, तेही वडापावच्या शेजारच्या टेबलावर, हे वाचून मी आधी हसले आणि मग फोटो मोठा करून बघितला. तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. वसूला अजून सांगितलेलं नाही. ती लगेच ‘गणपतीसमोर पत्ते?’ म्हणून सुरू होईल आणि मग हॉस्टेलच्या मेंढीकोटाची सगळी जुनी उणीदुणी निघतील. (किलवरचा एक्का तूच लपवला होतास. हे मी अजूनही म्हणते.)

फोटोत नऊ-नऊच्या चार रांगा आणि खाली आठ पत्ते. म्हणजे चव्वेचाळीस. नंदे, हा खेळ छत्तीसचा आहे. 37 पासून पुढचे पत्ते हल्लीच्या चित्रकारांनी हौसेनं घातलेले असतात. ते आठ आधी काढ आणि डब्यात ठेव. पुरुष आणि स्त्री यांच्या दोन-दोन प्रती आल्या असतील तर त्यातलीही एकेकच ठेव. जास्तीचे पत्ते राहिले की मोठ्या मांडणीचं, म्हणजे सगळे पत्ते एकदम मांडतात त्याचं, गणितच बिघडतं, कारण तिथे प्रत्येक जागेला एका पत्त्याचं घर असतं आणि सदतिसाव्याला घरच नाही.

दुसरी पेटी, सोनेरी कडेची, ती तर वेगळीच जात आहे. चोपन्न पत्ते, नक्षत्रं, फुलं, पुराणातले प्रसंग: तो ‘ग्रां ज्यू’. 1845 मध्ये पॅरिसला निघाला, नाव तेच, पद्धत निराळी. नाव बघून घेतला की हमखास हे होतं. कपाटात ठेव, दिसतो छान. आणि गिऱ्हाइकांना ‘हे पत्ते नेपोलियनच्या काळात मादमोझेल लेनोर्मां वापरायची’ असं सांगू नकोस. ती पॅरिसची नावाजलेली भविष्यवाली बाई 1843 मध्ये गेली, छत्तीस पत्त्यांना तिचं नाव लागलं ते त्यानंतर. मूळ पत्ते तुझ्या दारातले आहेत गं! न्यूरेंबर्गचा योहान कास्पार हेश्टेल, पितळेचा कारखाना होता त्याचा, त्यानं 1799 च्या सुमारास ‘आशेचा खेळ’ म्हणून एक घरगुती खेळ काढला. सहा बाय सहा पत्ते मांडायचे, फासे टाकायचे आणि सापशिडीसारखं पुढेमागे जायचं. तिसऱ्यावर जहाज, ते तुला उचलून बाराव्यावर पक्ष्यांकडे नेतं. पस्तिसाव्यावर नांगर, तिथे पोचलं की जिंकलं. त्याची एक प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एर्लांगेनहून न्यूरेंबर्ग लोकलनं किती मिनिटं? आणि तू चोपन्नवाला पॅरिसचा घेऊन बसलीस.

हा इतिहास उगाच नाही सांगत. तो खेळ रोहनबरोबर दोन-चारदा खेळ. छत्तीस पत्त्यांचा क्रम पाठ व्हायला इतकं सोपं साधन दुसरं नाही, आणि क्रम पाठ नसला की घरं कधीच येत नाहीत.

पत्ते कुठले घ्यायचे, तर तुमच्याकडे पुस्तकांच्या दुकानात निळ्या घुबडाचा कॅट मिळतो. तो घे. चित्रं साधी, एका पत्त्यावर एकच वस्तू, आकडा ठळक आणि कोपऱ्यात खेळातल्या पत्त्याची छोटी खूण. तुझ्या त्या चव्वेचाळीसच्या कॅटात कोल्ह्यामागे डोंगर, डोंगरावर मनोरा, मनोऱ्यावर चंद्र. वाचायचं काय त्यात? लेनोर्मांत कोल्हा म्हणजे कोल्हा. मागचा चंद्र दिसला की तुझ्यातली टॅरोवाली (ते दुसरे भविष्याचे पत्ते) जागी होते, आणि मग मनोरा आला की तू वीज कोसळल्यासारखा चेहरा करतेस. इथे मनोरा म्हणजे ऑफिस, संस्था, सरकार, फार तर एकटेपणा. तुमचं ते आउसलेंडरबेहोर्डे, परदेशी लोकांचं सरकारी ऑफिस, तेच ते. यावरून आपलं एकदा भांडण झालेलं आहे, परत नको.

ज्या पत्त्यांवर अर्थच छापलेले असतात तेही नकोत. डोळा चित्राकडे जातच नाही, सरळ अक्षरांवर जातो. स्वस्तात ऑनलाइन मिळणारे नकली कॅट ओळखायचे तर आत पुस्तिकेऐवजी क्यूआर कोडचा चिठोरा असतो, पत्ता पातळ आणि आकार मूळपेक्षा लहान.

तोवर सरावाला काय? साधा बावन्न पानी कॅट घे आणि चारी रंगांतल्या दुऱ्या, तिऱ्या, चौऱ्या, पंज्या काढून टाक. सोळा गेले, छत्तीस उरले. मार्करनं प्रत्येकावर आकडा आणि नाव घाल: बदामची नव्वी स्वार, इस्पिकची दश्शी जहाज, किलवरची सत्ती उंदीर, चौकटचा एक्का सूर्य, बदामचा एक्का पुरुष, इस्पिकचा एक्का स्त्री. फक्त घरातला स्काटचा, त्या जर्मन पत्त्यांच्या खेळाचा, कॅट घेऊ नकोस. तो बत्तीसचा, सत्तीपासून सुरू होतो. छक्के नाहीत म्हणजे तिपानी, तारे, मनोरा आणि क्रूस चारही गायब. आणि आपल्या डोक्यात इस्पिक म्हणजे अशुभ असं बसलेलं असतं, ते इथे चालत नाही. इस्पिकमध्ये पुष्पगुच्छ, बाग, मूल, नांगर अशी भली मंडळी आहेत. त्रासदायक बरेचसे किलवरमध्ये: ढग, साप, चाबूक, कोल्हा, डोंगर, उंदीर, क्रूस. किलवरशी तुझं जुनं नातं आहेच म्हणा.

पुस्तकं तीन आहेत तुझ्याकडे, फोटोत कडेला दिसली. दोन माळ्यावर टाक. तिन्ही चांगली असतील, पण एकात नोकरी म्हणजे नांगर, दुसऱ्यात कोल्हा, तिसऱ्यात चंद्राला त्यात ओढलेलं. तिन्ही उघडी ठेवून बसलीस तर उत्तर आवडेल ते पुस्तक त्या दिवशी खरं ठरेल. तू जर्मनीत आहेस, जर्मन पद्धत धर: नोकरी नांगर, कोल्हा म्हणजे खोट, सावध राहा. अमेरिकन पुस्तकात कोल्हा नोकरी असेल तर तसंच धर, माझी हरकत नाही. पण एकच, आणि आनंदमेळा होईपर्यंत बदलायचं नाही.

जोड्यांचे तक्ते मात्र कुठल्याच पुस्तकातून पाठ करू नकोस. छत्तीस पत्त्यांच्या क्रमासकट जोड्या 1,260 होतात. आपल्याला पाढे पाठ होते ते वय गेलं. त्याऐवजी व्याकरण धर: पहिला पत्ता विषय, दुसरा त्याचं विशेषण. पत्र-मनोरा म्हणजे सरकारी पत्र. मनोरा-पत्र म्हणजे जिथे कागदपत्रं चालतात ते ऑफिस. अंगठी-उंदीर, करार हळूहळू कुरतडला जातोय. अंगठी-विळा, एका झटक्यात तुटला. प्रत्येक पत्त्याला तीनच शब्द, जास्त नाहीत. छत्तीस चिठ्ठ्या कापून एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला ते तीन शब्द लिही. रोज तीन नवीन, आदल्या दिवशीचे आधी. बारा दिवसांत पूर्ण होतात. पुढे चुकलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्या रोज.

मोबाइलवरचं ॲप ट्रेनमध्ये सरावाला ठीक. तीन पत्ते निघतात, वाक्य कर, पुढे जा. मोठी मांडणी त्यावर बघू नकोस, छत्तीस चित्रं नखाएवढी होतात आणि कोण कोणाशेजारी आहे हेच कळत नाही.

आता सगळ्यात कामाची वस्तू, जी फोटोत कुठेच नव्हती. वही. शंभर पानी, आखलेली. पाच रकाने: तारीख, प्रश्न, पत्ते, माझं वाचन, प्रत्यक्षात काय. सकाळी तीन पत्ते काढायचे आणि वाचन एका वाक्यात पेनानं लिहायचं, पेन्सिलीनं नाही. संध्याकाळी शेवटचा रकाना लाल शाईनं. ‘काहीतरी बदल होईल’ असलं वाक्य चालणार नाही, ते कधीच चुकत नाही. ‘दुपारपर्यंत ऑफिसातून कागद येईल’ असं लिही, म्हणजे चुकता येईल. आधी न लिहिता संध्याकाळी आठवून बघितलं तर प्रत्येक पत्ता बरोबरच आलेला वाटतो, मन तेवढं लबाड असतंच. महिन्याभरानं लाल रकाना वाचलास की कुठला पत्ता तू सारखा चुकीचा वाचतेस ते दिसेल. आणि एक प्रश्न दिवसात एकदाच. उत्तर आवडलं नाही म्हणून परत पिसायचं नाही. पत्ते उलटे आले तर सरळ करायचे, इथे उलट्याचा वेगळा अर्थ नाही.

कापड. फोटोत पत्ते एकमेकांवर चढलेत आणि आकडे झाकलेत, कारण तुझे पत्ते टॅरोच्या मापाचे, 70 बाय 120 मिलिमीटर. आठ उभ्या ओळी आणि पाच आडव्या (शेवटच्या आडवीत चारच पत्ते) मांडायच्या तर पाच मिलिमीटर फटीसकट साधारण 60 बाय 62 सेंटिमीटर लागतात. साध्या खेळाच्या पत्त्याला, 57 बाय 89 चा असेल तर, 49 बाय 47 पुरतात. 60 सेंटिमीटरचं चौकोनी सुती कापड, गडद, एकरंगी. सॅटिनवर पत्ते घसरतात. आणि खण नको! मला माहितीये तू खणच काढून ठेवला असशील. त्या बुट्ट्यांत उंदीर हरवतील.

पण मेळ्यात मोठी मांडणी करूच नकोस. नीट वाचायला तासभर जातो आणि रांगेतले लोक वडापाव घेऊन तुझ्या कापडावर उभे राहतील. तीन पत्ते, फार तर पाच, मधला प्रश्नाचा गाभा, डावीकडून उजवीकडे वाचायचं. तेवढं येईल तुला, खरंच येईल.

माझी खरी धास्ती पुढची आहे. कुणीतरी येऊन विचारणारच: रिपोर्ट कसा येईल, दिवस राहतील का, व्हिसा मिळेल का. झाड, शवपेटी आणि करकोचा ओळीनं आले की समोरच्या बाईचा चेहरा बघून तुझ्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटते. तू मऊ आहेस. टेबलावर पाटीच लाव: आजार, गर्भारपण, कोर्टकचेरी विचारू नये. तरी विचारलं तर पत्ते काढायचेच नाहीत. काढून मग गोड बोलणं हे जास्त वाईट.

घर बदललंत का? नितीनचं काय ठरलं? रोहनला आशीर्वाद, त्याला म्हणावं मावशीला जर्मन शिव्या पाठव. चकलीची भाजणी कुरिअरनं पाठवते, यंदा थोडी जास्त.

तुझी,
मंदा

ता. क. नवीन कॅट आला की लगेच दोन पत्ते बघ. ढगाची काळी बाजू कुठे आहे आणि विळ्याचं पातं कुठल्या बाजूला आहे. कॅटागणिक ते बदलतं. काळ्या बाजूचा शेजारी गढूळ, उजळ बाजूचा निवळणारा. पात्याकडचा पत्ता कापला जातो. वहीच्या पहिल्या पानावर दोन्हीचं चित्र काढून ठेव, नाहीतर पुस्तकात डावीकडे आणि टेबलावर उजवीकडे असा घोळ होईल.