पुनरुक्तीचा अर्थ: ज्यू भाष्यकारांचे एकमत कधीच नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील धर्मग्रंथांवरच्या लेखमालेत ज्यू भाष्यपरंपरेविषयी असे विधान आहे की, तोरेतला, म्हणजे ज्यूंच्या पाच मूळ धर्मग्रंथांतला, एकही शब्द वाया गेलेला नाही, आणि म्हणून शब्द किंवा वाक्य दुसऱ्यांदा आले की त्यातून नवा नियम काढायचा, ही तेथील भाष्यकारांची सर्वमान्य रीत होती. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण हे ‘सर्वमान्य’ खटकले. पुनरुक्तीचे काय करायचे, हा त्या परंपरेतील एक जुना आणि न मिटलेला वाद आहे.

लेखात दिलेले उदाहरण योग्यच आहे. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ ही आज्ञा तोरेत तीनदा येते, दोनदा निर्गम या ग्रंथात आणि एकदा अनुवाद या ग्रंथात. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात, रब्बी इश्माएल यांच्या शाळेच्या नावे याचा जो उलगडा नोंदला आहे, त्यानुसार एका वेळेने शिजवण्याला, दुसऱ्या वेळेने खाण्याला आणि तिसऱ्या वेळेने त्यापासून कोणताही लाभ घेण्याला मनाई होते. मात्र हेच रब्बी इश्माएल दुसरीकडे अगदी वेगळे बोलतात. गणना ग्रंथाच्या १५व्या अध्यायात, जाणूनबुजून आज्ञा मोडणाऱ्याचा उच्छेद होईल असे सांगताना मूळ हिब्रूत एकच क्रियापद लागोपाठ दोन रूपांत येते. रब्बी अकिवा यांनी त्याची फोड केली, ती अशी की एक उच्छेद इहलोकातून आणि दुसरा परलोकातून. त्यावर इश्माएल यांनी विचारले की, उच्छेदाचा उल्लेख तर आधीच्या वचनातही आहे, मग तीन लोक मानायचे काय? तोरा माणसांच्या भाषेत बोलते, आणि माणसे जोर देण्यासाठी शब्द दुहेरी वापरतात, एवढेच त्यांचे उत्तर होते. म्हणजे एकाच वाक्यातली द्विरुक्ती ही बोलण्याची लकब, आणि वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा आलेली आज्ञा मात्र सहेतुक, असा विवेक ते करत होते. हे दोघेही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. म्हणजे ‘सर्वमान्य रीत’ त्या काळीही नव्हती.

त्यातही, नियमांच्या भागावरून कथाभागाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कथेतली पुनरुक्ती भाष्यकार निराळ्या नजरेने वाचतात आणि माझ्या मते या परंपरेचे खरे वैभव तेथेच दिसते. उत्पत्ती ग्रंथाच्या २२व्या अध्यायात अब्राहाम इसहाकाला बळी देण्यासाठी निघतो. होमाची लाकडे तो मुलाच्या खांद्यावर देतो, विस्तव आणि सुरा स्वतःच्या हाती घेतो, ‘आणि ते दोघे बरोबर चालले’. वाटेत मुलगा विचारतो की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे? बाप म्हणतो की देव स्वतःच कोकरू पाहून देईल. पुन्हा तेच वाक्य येते: ‘आणि ते दोघे बरोबर चालले’. मधे केवळ एक प्रश्न आणि एक उत्तर. फ्रान्समधील त्र्वा येथील भाष्यकार राशी (१०४०–११०५) पहिल्या वाक्यावर लिहितात की, आपण मुलाला मारायला निघालो आहोत हे ठाऊक असलेला बाप, काहीच ठाऊक नसलेल्या मुलाइतक्याच आनंदाने चालत होता. दुसऱ्यावर ते म्हणतात की, आता मुलालाही उमगले होते आणि तरीही दोघे एकाच मनाने चालत होते. येथे कोणताही नियम निघत नाही. वाक्य तेच राहते, माणसे बदलतात, आणि तो बदल निवेदकाने एका शब्दानेही न सांगता वाचकाला कळतो.

हेच राशी निर्गमाच्या ६व्या अध्यायात मोशेची तक्रार पुन्हा आलेली पाहून सरळ सांगतात की, मधे वंशावळ आल्याने विषय तुटला होता; माणूस जसा ‘मूळ मुद्द्याकडे वळू या’ म्हणतो, तसे हे आहे. त्यांचे नातू रशबाम, तेही भाष्यकार, आणखी पुढे गेले. ‘परमेश्वरा, तुझा उजवा हात’ हे शब्द निर्गमाच्या १५व्या अध्यायातील गीतात एकाच कडव्यात दोनदा आहेत. रशबाम दाखवतात की ही काव्याची घडण आहे: पहिला अर्धा भाग कोणाविषयी बोलायचे ते सांगून थांबतो, दुसरा तेच शब्द उचलून विधान पुरे करतो. पुराव्यासाठी त्यांनी दिलेल्या ओळींत ९२व्या स्तोत्रातील ‘पाहा, तुझे शत्रू’ ही ओळ आहे. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून युगारिट या प्राचीन नगरातले मृत्तिकापट सापडू लागले, तेव्हा त्यांत बआल देवाला उद्देशून जवळजवळ याच साच्याची ओळ निघाली. बाराव्या शतकातल्या माणसाने केवळ कानाच्या बळावर हे हेरावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

‘न्याय, न्याय यांच्याच मागे लाग’ या अनुवादातील वचनावर तर नियम काढण्याची आणि न काढण्याची, अशा दोन्ही वृत्ती शेजारी दिसतात. तालमुद म्हणते की, एक न्याय निवाड्याचा आणि दुसरा तडजोडीचा. नदीच्या अरुंद पात्रात दोन नावा समोरासमोर आल्या आणि दोघीही रेटून पुढे गेल्या, तर दोघीही बुडतील. म्हणून भरलेल्या नावेला रिकामीने वाट द्यावी, आणि दोघी सारख्याच असतील तर एकीने थांबून दुसरीकडून भरपाई घ्यावी. भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा नियमाच्या वाटेला जात नाहीत. लाभ होवो वा हानी. किंवा पुन्हा पुन्हा, आयुष्यभर. किंवा फक्त जोर देण्यासाठी, असे तीन पर्याय ते मांडतात आणि निवड वाचकावर सोडतात. व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग यांनी १५२४–२५ मध्ये छापलेल्या बायबलात राशी आणि इब्न एझ्रा एकाच पानावर मूळ वचनाच्या भोवती आहेत. वाचकाने दोघांनाही ऐकावे हीच अपेक्षा असल्याशिवाय अशी मांडणी कोणी करणार नाही.

मग लेखातले विधान आले कोठून? ते सर्वात ठामपणे मांडणारे भाष्यकार मालबिम (१८०९–१८७९) हे एकोणिसाव्या शतकातले. संदेष्ट्यांच्या काव्यात तोच आशय निराळ्या शब्दांत पुन्हा सांगितला जातो, असे फ्रान्समधील नार्बोनचे भाष्यकार राडाक अनेक ठिकाणी नोंदवतात. मालबिम यांनी यशयावरील भाष्याच्या प्रस्तावनेत नेमके हेच नाकारले. तोरेतील लेवीय ग्रंथावरील भाष्याच्या प्रस्तावनेत ते १८४४ च्या जर्मनीतील ब्रन्सविक येथील सुधारणावादी रब्बींच्या परिषदेचा रोषाने उल्लेख करतात. त्या परिषदेला उत्तर म्हणून, रब्बींची मौखिक परंपरा तोरेच्या मूळ शब्दांतच रुजलेली आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. त्यांची बुद्धी अचाट, पण प्रत्येक समानार्थी शब्दात भेद शोधताना कवितेची लय त्यांच्या हातून निसटते, असे मला वाटते.

लेखमालेचा पुढील भाग संदेष्ट्यांवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात मालबिम यांच्याबरोबर राडाक यांनाही जागा मिळावी, आणि पहिल्या भागातील ‘सर्वमान्य’ हा शब्द वगळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक