टहाळघर

लंडन, १७ नोव्हेंबर

प्रिय दिगू,

फोन उचलला नाही म्हणून रागावला असशील. मी तेव्हा एपिंगच्या जंगलात होतो, घोट्यापर्यंत चिखलात. पाय बाहेर आला, बूट आतच राहिला! बायको हसत होती.

लंडन मेट्रोच्या सेंट्रल लाइननं लाउटन गावाला उतरून थोडं चाललं की जंगल लागतं. किमान १६०० सालापासून सलग राहिलेल्या रानाला इंग्लंडमध्ये ‘प्राचीन’ म्हणतात. मला वाटलं, देवराईसारखं असेल, कुणी काडीही मोडली नसेल. निघालं उलटंच.

एक बीचचं झाड सांगतो. बुंधा हत्तीच्या पायासारखा करडा, आम्हा दोघांच्या कवेत न मावणारा. डोक्याच्या जरा वर तो एकदम संपतो. तिथं नुसत्या गाठी, आणि त्यांतून आठ-दहा फांद्या सरळ वर गेलेल्या, एकेक झाडाएवढी. मला तुझ्या बांधावरचा ऐनच आठवला. आजोबा राबासाठी, भाताच्या रोपांच्या जागी जाळायला, टहाळ तोडायचे ना, तसंच. इथं जळणासाठी तोडत. गुरांनी, हरणांनी कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून कुऱ्हाड उंचावर चालवायची, काही वर्षांनी पुन्हा. माथा हलका राहिला म्हणून तर ही झाडं शतकानुशतकं टिकली. अशी पन्नास हजारांवर आहेत म्हणे.

लाउटनकरांना टहाळ तोडायचा हक्क ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत असे. मग जमीनदारानं कुंपण घातलं. थॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्यानं ते जुमानलं नाही. १८६६ मध्ये त्याच्या घरच्यांना तुरुंगात जावं लागलं. १८७८ च्या कायद्यानं जंगल वाचलं, पण टहाळाचा हक्क गेला. भरपाईतून १८८४ मध्ये गावात काय उभं राहिलं? लॉपिंग हॉल! म्हणजे आपलं टहाळघर. जळणाच्या बदल्यात सभागृह. तुझे आजोबा काय बोलले असते, ते पत्रात लिहिता येणार नाही.

कुऱ्हाड थांबली तशा फांद्या जडावत गेल्या. एक बीच तर स्वतःच्याच भारानं उभा फाटलेला दिसला. पोकळीत हात घातला, तर भुसा ओला, काळा, चहाच्या चोथ्यासारखा, आणि त्यात किडे. आता काही झाडांची छाटणी पुन्हा करतात, पण बेतानं. म्हातारा बीच एकदम बोडका केला तर मरतो.

तुझ्या ऐनावर शेवटचा कोयता कधी पडला? काकूंना विचार. आणि बुंध्याशी उभा राहून, वर बघत फोटो काढून पाठव.

बूट अजून वाळतोय.

तुझा,
अन्या