पॅनेलवर २४ अंश, टेबलाखाली १८ : ऑफिसातील गरम हवेच्या यंत्रणेबाबत तक्रार

उद्यमबाग, बेळगाव
दि. १९ जानेवारी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सप्टेंबरात आपल्या कंपनीने आमच्या डिझाइन ऑफिसात ताज्या हवेची यंत्रणा बसवली. हीटर डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या नळीतच आहे, त्यामुळे थंडीत वेगळी सोय लागणार नाही, नॉर्वेतल्या काही नव्या ऑफिसांत असेच करतात, असे आपल्या इंजिनिअरांनी नकाशा पसरून समजावले होते. ते मला तेव्हा पटले आणि आजही पटते. तक्रार आहे ती आमच्याकडे ते बसवले कसे, याबद्दल.

"बेळगावात थंडी ती कितीशी?" हे आपल्या कार्यालयातून दोनदा ऐकले. आमची पहिली पाळी सकाळी साडेसहाची. या दिवसांत त्या वेळी बाहेर १२-१३ अंश असतात. खानापूर, काकतीकडून मोटारसायकलवर आलेल्या मुलांची बोटे तासभर वळत नाहीत. आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन नऊ वाजेपर्यंत पायावर घोंगडी घेऊन बसतात. नवी यंत्रणा घेतली ती याचसाठी.

आठवडाभर मी स्वतः थर्मामीटर घेऊन फिरले. सकाळी साडेसातला बसलेल्या माणसाच्या डोक्याशी साडेबावीस अंश, घोट्याशी १८. डोके आणि घोटा यांत साडेचार अंशांचा फरक. सुखावह बैठकीसाठीच्या मानकांत ही मर्यादा साधारण ३ अंश आहे. पॅनेल मात्र २४ दाखवते, कारण सेन्सर परतीच्या डक्टमध्ये, म्हणजे खोलीतली हवा परत ओढणाऱ्या नळीत, छताशी आहे. 'थंडी वाजते' म्हटले की आपला माणूस फोनवर तापमान वाढवायला सांगतो. वाढवले की डक्टमधून ३८ अंशांची हवा येते, आणि जितकी गरम तितकी ती वरच तरंगते. डोके जड होते, पाय गारच.

छतातून हवा सोडणाऱ्या जाळीखाली (डिफ्युझर) अगरबत्ती धरून पाहिली. धूर छताला चिकटून सरळ चार फुटांवरच्या परतीच्या ग्रिलमध्ये गेला, खाली उतरलाच नाही. म्हणजे आम्ही वीज जाळून तापवलेली ताजी हवा माणसांपर्यंत न पोहोचताच बाहेर जाते. अशी हवा खोलीपेक्षा ८ अंशांहून जास्त गरम असेल आणि परतीची वाटही छतातच असेल, तर तिचा उपयोग ८० टक्केच धरावा, असे वायुवीजनाची मानके सांगतात. टेबलावरच्या मीटरवर अकरा वाजता कार्बन डायऑक्साइड १,४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १,४०० भाग) दिसतो, म्हणजे हवा कोंदट. मुले जांभया देतात, त्यात त्यांचा दोष नाही.

नॉर्वेतल्या त्या ऑफिसांत हे जमते, कारण भिंती, छप्पर, जमीन सगळ्यांनाच जाड इन्सुलेशन असते आणि खिडक्यांना तिहेरी काच. उष्णता इतकी कमी निसटते की दर चौरस मीटरला दहा-एक वॉट पुरतात, आणि तेवढे काम खोलीपेक्षा थोड्याच अंशांनी गरम असलेली हवा करते. आमच्याकडे आपण छपराला इन्सुलेशन दिले, खिडक्यांना दुहेरी काच बसवली, पण मातीवर थेट बसवलेल्या शहाबादी फरशीकडे कोणी पाहिले नाही. पायाचा गारवा तिथूनच येतो. मी तेव्हा विचारले होते, "फरशीचे काय?" उत्तर मिळाले नव्हते.

हिशेब अवघड नाही. यंत्रणेतून येणारी ताशी ६०० घनमीटर हवा एक अंश तापवायला साधारण २०० वॉट लागतात. नऊनंतर २४ माणसे बसली की प्रत्येकाची शंभरेक वॉट उष्णता आणि वर संगणकांची, म्हणजे हीटरची गरजच उरत नाही. खरी गरज पहाटेची आहे. पाचला यंत्रणा सुरू करून, माणसे येईपर्यंत आतलीच हवा फिरवून खोली तापवावी, आणि नंतर ताजी हवा खोलीपेक्षा पाच-सहा अंशांहून जास्त गरम सोडू नये. सेन्सर बसलेल्या माणसाच्या उंचीवर हवा. डिफ्युझर हवा खाली फेकणारे हवेत, आणि परतीचे ग्रिल खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

आणखी एक. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे चाक थांबवण्याची सोय मला पॅनेलवर कुठेच सापडली नाही. मार्चपासून पहाटेची गार हवा आम्हाला तशीच आत हवी असेल, तेव्हा हे चाक ती तापवून देईल. माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. यंत्रणा चालवणारे आमचे दोघे कर्मचारी, एक मराठी आणि एक कन्नड वाचतात. दोन्ही भाषांत दोन-दोन पानांच्या सूचना द्याव्यात.

हे बदल करारातील हमीच्या मुदतीत, आमच्याकडून पैसे न घेता व्हावेत. फरशीच्या खर्चात मी निम्मा वाटा उचलायला तयार आहे. ३१ जानेवारीपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

तपासणीला माणूस पाठवाल तो सकाळी साडेसहाला पाठवा. आजवर तिन्ही वेळा तो अकराला आला, आणि अकराला उन्हाने खोली आपोआप गरम झालेली असते.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक, डिझाइन ऑफिस