गाड्या मोजण्यापेक्षा चावी देताना पाहा

प्रति,
मा. संपादक

स. न. वि. वि.

पर्यटनस्थळी मोठा अपघात झाला आणि त्यात भाड्याची स्कूटर किंवा सेल्फ-ड्राइव्ह मोटार निघाली, की लगेच मागणी सुरू होते: भाड्याच्या गाड्या कमी करा, नवे परवाने बंद करा. आपल्या पानांवरही ही मागणी अधूनमधून वाचायला मिळते. तिच्यामागचा संताप मला कळतो. ज्यांच्या दारावरून रात्री-अपरात्री अनोळखी माणसं भरधाव गाड्या नेतात आणि ज्यांची मुलं सकाळी त्याच रस्त्याने शाळेत जातात, त्यांनी शांत राहावं असं कोण म्हणेल? पण गाडी चालवायला शिकवणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्या अनुभवावरून सांगते, नुसता गाड्यांचा आकडा खाली आणून अपघात फारसे कमी होणार नाहीत. बंधन हवंच, पण ते चावी देण्याच्या जागी हवं.

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तिथे १९४६ पर्यंत खासगी मोटारींना मनाई होती. पुढे परवानगी मिळाली तीसुद्धा एका घराला एकच मोटार, अशा अटीवर. पर्यटकांना भाड्याने मोटार मिळायची सोयच ठेवली नव्हती. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर. बंधनं घालण्यात त्या बेटाने कुठेही कसूर केली नव्हती. फक्त मोपेड मात्र भाड्याने मिळत. मग अमेरिकेहून आलेली, जन्मभर रस्त्याच्या उजव्या बाजूने मोटार चालवलेली माणसं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मोपेड घेऊन डाव्या बाजूच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर उतरत. १९९६ साली आपत्कालीन वैद्यकाच्या एका नियतकालिकात बर्म्युडातल्या दुचाकी अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांना इजा होण्याचं प्रमाण स्थानिकांच्या कितीतरी पट असल्याचं त्यात आढळलं. मोटार मिळाली नाही म्हणून पर्यटक हॉटेलात बसून राहिले नाहीत. ते जास्त धोक्याच्या वाहनावर बसले. अखेर २०१७ पासून पर्यटकांना विजेवर चालणाऱ्या छोट्या दोन आसनी गाड्या भाड्याने मिळू लागल्या.

एका प्रकारच्या गाडीवर बंधन घातलं की माणूस दुसरीकडे वळतो, हे धोरण ठरवताना आधी लक्षात घ्यायला हवं. परवानाधारकाकडे गाडी शिल्लक नसली, तर कोणाची तरी घरची, खासगी नंबरप्लेटची गाडी 'ओळखीतून' मिळते. ती भाड्याने दिली आहे हे कागदोपत्री कुठेच नसतं. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते आणि जखमी माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतो. काही पर्यटक स्वतःची मोटार घेऊन रात्रभर चालवत येतात आणि डोळ्यांवर झापड घेऊनच घाटात शिरतात. दोन स्कूटरची गरज असलेले चौघे एकच स्कूटर मिळाली तर आळीपाळीने ट्रिपल सीट फिरतात. शिवाय परवाने मोजकेच राहिले की त्या परवान्यालाच भाव येतो. ज्याच्या हातात तो आहे त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, मग जुनी गाडी बदलायची आणि टायर नवे घालायची निकड त्याला कशाला वाटेल?

इंडोनेशियातल्या बाली बेटाचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२३ मध्ये तिथले तेव्हाचे राज्यपाल वायान कोस्टर यांनी जाहीर केलं, की परदेशी पर्यटकांना मोटरसायकल भाड्याने घेऊ देणार नाही. कारण खरं होतं: हेल्मेट नाही, लायसन्स नाही, नियम पाळायची तयारी नाही. पण ज्या बेटावर सार्वजनिक बस नावापुरती आहे, तिथे ही माणसं फिरणार कशाने? ती सरसकट बंदी प्रत्यक्षात आली नाही.

आता गाडी भाड्याने देतात तिथला प्रसंग बारकाईने पाहू. दुकानदार मोबाइल काढतो. पुढचं मडगार्ड, बाजूचे पॅनल, आरसे, सायलेन्सर, एकेका ओरखड्याचं चित्रीकरण होतं, कारण डिपॉझिटमधून किती कापायचे ते त्यावर ठरतं. लायसन्सचाही फोटो निघतो, पण ते कोणत्या वर्गाच्या वाहनाचं आहे हे वाचायला कोणी थांबत नाही. परदेशात गाडी चालवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकी आणि मोटार यांचे वर्ग वेगळे असतात, मोटारीचा शिक्का असला म्हणून स्कूटर चालवायचा हक्क मिळत नाही, ही गोष्ट तर दोन्ही बाजूंच्या गावीही नसते. हेल्मेट सगळ्यांना एकाच मापाचं, पट्ट्याचं बकल तुटलेलं. मागचा टायर गोटा झालेला. मग गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, ही स्टार्ट कशी करायची?" दुकानदार ब्रेक दाबून बटण दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं, मैत्रीण मागे बसते आणि गाडी रस्त्याला लागते.

तो प्रश्न ऐकल्यावर चावी परत खिशात जायला हवी होती. ज्याला गाडी स्टार्ट कशी करायची हे माहीत नाही, तो ती थांबवणार कशी?

स्कूटर सोपी वाटते म्हणूनच घात होतो. गिअर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की पळते. पण नवशिका घाबरला की त्याची मूठ घट्ट होते. गाडीच्या झटक्याने अंग मागे जातं, हाताबरोबर मूठ आणखी पिळली जाते, गाडी आणखी उसळते आणि समोर भिंत असेल तर भिंत, माणूस असेल तर माणूस. शिकवताना हे मी वारंवार पाहिलं आहे. तेव्हा मैदान मोकळं असतं, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावतं. दुसरा घोटाळा पुढच्या ब्रेकचा. वळणावर खडी किंवा वाळू दिसली की भीतीने पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, चाक जागच्या जागी थांबतं, हॅण्डल दुमडतं आणि दोघंही रस्त्यावर घासत जातात. मूठ सोडायची कशी, दोन्ही ब्रेक हळूहळू आवळायचे कसे, डबल सीट वळताना वेग कुठे कमी करायचा, एवढं मोकळ्या जागेत अर्ध्या तासात शिकवता येतं. त्यासाठी परवान्यांची संख्या कमी करावी लागत नाही. परवाना देताना दुकानदाराला एक अट घालावी लागते: मोकळ्या जागेत चालवून दाखवल्याशिवाय गाडी द्यायची नाही.

प्रामाणिक दुकानदारही आहेत, ते नवख्या माणसाला गाडी नाकारतात. ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथे त्याला गाडी मिळते. म्हणून हे एकट्यादुकट्याच्या सद्सद्विवेकावर सोडून चालणार नाही.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडचे नियम पाहण्यासारखे आहेत. मोटारी भाड्याने देण्यासाठीच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवाना हवा असेल तर किमान ५० मोटारी लागतात. मोटरसायकली भाड्याने देण्याच्या १९९७ च्या योजनेत किमान पाच दुचाकी. तिथेही मोजणीच, आणि आता मागणी होते ती कमाल आकड्याची, म्हणजे पुन्हा मोजणीच! उलट मोटार वाहन कायद्याचं कलम ५ नेमकं कामाचं आहे. योग्य लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी चालवू द्यायची नाही, ही जबाबदारी ते मालकावर टाकतं आणि कलम १८० त्याला शिक्षाही सांगतं. हे कलम भाड्याने गाडी देणाऱ्याच्या दारात जाऊन वापरलं, तर नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. आज नाकाबंदीत पकडला जातो तो पर्यटक. तो दंड भरतो, दोन दिवसांनी आपल्या गावी जातो आणि तीच स्कूटर त्याच संध्याकाळी दुसऱ्या नवशिक्याला मिळते.

न्यूझीलंडमध्येही परदेशी चालकांच्या अपघातांवरून असाच संताप उसळला होता. त्यांनी २०१४ मध्ये ओटागो, साउथलँड आणि वेस्ट कोस्ट या पर्यटकांच्या भागांसाठी खास प्रकल्प हाती घेतला. रस्त्यावर डावीकडून चालण्याचे बाण रंगवले, मधल्या रेषेवर चाक गेलं की खडखड होईल अशा पट्ट्या बसवल्या, भाड्याच्या मोटारींच्या स्टिअरिंगवर सूचनांचे टॅग लावले. बाणांचं महत्त्व मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. चुकीच्या बाजूला जाण्याची चूक सहसा गर्दीत होत नाही, कारण गर्दीत पुढची गाडीच वाट दाखवते. ती होते पहाटे, पेट्रोल पंपातून किंवा व्ह्यू पॉइंटवरून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असताना. जुनी सवय तिथेच उफाळून येते आणि बाण तिथेच हवा असतो.

मर्यादा घालूच नयेत असं माझं म्हणणं नाही. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, स्वित्झर्लंडच्या झरमॅटला जायचं तर मोटार खाली टेश गावात ठेवून रेल्वेने वर जावं लागतं. अशा ठिकाणी मोटारीच्या वेगाचा धोका जवळजवळ उरतच नाही. पण तिथे बंधन सगळ्यांना आहे आणि वर जायला दुसरी सोय आहे. स्पेनच्या फॉर्मेन्तेरा बेटाने २०१९ पासून आणि इबिझाने २०२५ पासून उन्हाळ्यात वाहनांच्या संख्येवर मर्यादा घातली, ती मुख्यतः कोंडी आणि पर्यावरणासाठी. तो हेतू योग्यच आहे, पण कोंडीचा उपाय अपघाताचा उपाय म्हणून खपवला की दोन्हींचा विचका होतो. कोंडी फुटून रस्ता मोकळा झाला आणि वेगावर लक्ष ठेवायला कोणी नसलं, तर अपघात कमी झाले तरी जे होतील ते अधिक जीवघेणे असू शकतात. सरासरी वेग १ टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून जिथे आकडा कमी करायचा आहे तिथे आधी बस सुरू करा, आणि ती संध्याकाळी सात वाजता बंद करू नका. लोकांना स्कूटर सर्वांत जास्त लागते ती रात्री जेवून, कधी दारू पिऊन परतताना. शेवटची बस रात्री बारापर्यंत धावली, तर चावी न घेताच किती जण सुट्टी घालवतील याचा विचार व्हावा. हेल्मेटचंही तसंच. २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते असं दिसलं. पण ते मापाचं हवं आणि पट्टा लागायला हवा. गाडी देणाऱ्याकडे तीन-चार मापांची धड हेल्मेटं नसतील, मागे बसणाऱ्यासाठी वेगळं नसेल, तर त्याचा परवाना तेवढ्यावरच थांबवायला हरकत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. अपघाताच्या बातमीत 'भाड्याची गाडी' एवढंच छापून येतं. आपल्या बातमीदारांनी आणखी चार गोष्टी पोलिसांना विचाराव्यात: गाडी परवानाधारकाची होती की खासगी नंबरप्लेटची, चालकाकडे त्या वर्गाचं लायसन्स होतं का, गाडी ताब्यात घेऊन किती तास झाले होते, आणि हेल्मेटचा पट्टा लावलेला होता का. वर्षाअखेरीस या उत्तरांचा एक तक्ता छापला आणि त्याच्या शेजारी वर्षभरात किती वेळा गाड्या भाड्याने गेल्या तो आकडा दिला, तर परवाने कमी करायचे की चावी देण्याची पद्धत बदलायची यावर अंदाजाने भांडावं लागणार नाही. पंचनाम्याच्या नमुन्यातच हे रकाने असावेत, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा.

आपली,
एक वाचक आणि ड्रायव्हिंग प्रशिक्षक